अण्णांचा डीपी

आमचे अण्णा वीज मंडळात लाईनमन होते. एकतीस वर्षं खांबावर चढले आणि एकतीस वर्षं खांबावरून धडधाकट उतरले, या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या वर्कशॉपचा नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण मान अजून वरच असते. बजाजनगरात सकाळी फिरायला निघाले की मोरे चौकापासून मोहटादेवीच्या मंदिरापर्यंत कुठल्या खांबावरचा दिवा उजाडलं तरी चालू आहे, कुठली सर्व्हिस वायर झाडात अडकलीय, कुठल्या डीपीचं झाकण उघडं आहे, याची हजेरी घेऊन मगच चहाला घरी येतात.

माझ्या पोरानं त्यांच्या फोनवर व्हॉट्सअॅप घालून दिलं आणि म्हणाला, "आजोबा, आता तुमचा छानसा डीपी ठेवा." दुसऱ्या दिवशी अण्णा चौकातल्या डीपीचा फोटो काढून आले. करड्या रंगाची पत्र्याची पेटी, त्यावर कवटी, कवटीखाली दोन हाडं आणि '४४० व्होल्ट, सावधान'. पोरानं समजावून सांगितलं की या डीपीचा अर्थ वेगळा असतो. अण्णा म्हणाले, "डीपी म्हटलास ना? मग हाच डीपी." तेव्हापासून नातेवाइकांच्या ग्रुपवर अण्णांनी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की शेजारी कवटी दिसायला लागली. माझ्या आत्यानं एकसष्टीला त्या शुभेच्छा जरा मनाला लावून घेतल्या होत्या.

अशा माणसाला मी ग्वांगझूचे रात्रीचे फोटो पाठवले. काय झालं ते सांगतो.

आधी मी तिथं कशाला गेलो ते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे आले, त्यांच्या मागोमाग त्या सुट्या भागांचे सुटे भाग करणारे आले, आणि त्यांच्याही मागे जे उरलंसुरलं जॉबवर्क करतात त्यांच्यात मी. दोन व्हीएमसी मशिनी, तीन लेथ, आठ माणसं आणि एक मांजर. ग्वांगझूला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरते, कँटन फेअर. तिथं जाऊन मशिनरी बघून यायची, असं आमच्या एमआयडीसीत दर दिवाळीच्या आसपास कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतं. २०२४ ला ते माझ्या अंगात आलं. सोबत शेजारच्या शेडमधले पावडर कोटिंगवाले काका, आणि इंग्रजी बोलायला म्हणून प्रेसशॉपवाल्यांचा धाकटा. तेव्हा भारतातून थेट विमान बंद होतं, म्हणून बँकॉकला बदलून जायचं. दसऱ्याला मशिनींची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

निघताना अण्णांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "सोलापूरचे डॉक्टर कोटणीस गेले होते चीनला. १९३८ साली. लढाईतल्या जखमी माणसांना बरं करायला गेले आणि चार वर्षांत तिथंच गेले बिचारे. तू काय घेऊन चाललास?"

मी खरं ते सांगितलं. "ट्रायपॉड."

या ट्रायपॉडची एक वेगळी कथा आहे. माझा मेहुणा लग्नाचे फोटो काढतो. दौलताबादच्या किल्ल्यासमोर आणि बीबी का मकबऱ्याच्या मागं जितकी जोडपी एकमेकांकडे बघत उभी राहिली असतील, त्यांतली निम्मी त्यानं उभी केलेली असावीत. मी चीनला जातोय म्हटल्यावर त्याने जुना कॅमेरा हातात ठेवला. "दाजी, मोबाईलनं रात्रीचे फोटो काढू नका, तिथली लाईट वाया जाईल." कॅमेरा दिला, पण स्टँड मागितला तर कानावर हात. तुळशीच्या लग्नानंतर त्याचा सीझन सुरू होतो आणि त्याचा तो कार्बन फायबरचा स्टँड त्याला पोटच्या पोरासारखा. वर सांगतो कसा, "स्टँडशिवाय रात्रीचा फोटो म्हणजे मामाशिवाय लग्न. होतं, पण हलतं."

मग मी स्टँड वर्कशॉपमध्येच बनवला. एका डेअरीच्या कामातून उरलेला एसएसचा पाईप होता, त्याचे तीन पाय. एकात एक सरकणारे, पितळी बुश घातलेले, विंग नट आवळला की जागचे हलायचे नाहीत. डोक्याला ॲल्युमिनियमचा ठोकळा मिल करून बसवला. कॅमेऱ्याच्या बुडाला जो आटा असतो तो पाव इंची, इंचाला वीस आटे. जगातल्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांना हाच. पक्ष, धर्म, भाषा, मोबाईलचा चार्जर यांतल्या कशावरही ज्या जगाचं एकमत झालं नाही, त्या जगाचं या आट्यावर झालंय, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. ठोकळ्याखाली पंच मारून अक्षरंही उमटवली : मेड इन वाळूज. वजन भरलं पाच किलो आठशे.

विमानतळावर बॅग एक्स-रेमधून गेली आणि मला बाजूला बोलावलं.

"ये क्या है?"

"ट्रायपॉड."

साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पुन्हा खाली ठेवला. "किसका?"

"कॅमेरे का."

"कॅमेरा कितना बडा है?"

मी कॅमेरा दाखवला. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्टँडकडे, आणि काही न बोलता बॅगेची चेन स्वतःच्या हाताने लावून दिली.

जत्रेबद्दल फार लिहीत नाही. साडेपंधरा लाख चौरस मीटर जागा आणि तीस हजारांवर प्रदर्शक, एवढ्यावर ओळखा. आमची वाळूजची शेड पाचशे चौरस मीटरची आहे आणि तिच्यात माझे स्पॅनर सापडत नाहीत. पहिल्या दिवशी चालून चालून काकांच्या टाचेला फोड आला, दुसऱ्या दिवशी त्यांनी चप्पल घातली, तिसऱ्या दिवशी ते पहिल्याच हॉलमध्ये पावडर कोटिंगच्या एका स्टॉलवर खुर्ची मिळवून बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या माणसाला मराठीतून दर कमी करायला लावत होते. उतरलाही म्हणे सात टक्के.

आता रात्रीकडे येतो.

ग्वांगझूच्या मध्यातून पर्ल नदी वाहते आणि नदीच्या दक्षिण काठावर कँटन टॉवर उभा आहे. सहाशे मीटर. खाली रुंद, मध्ये बारीक आणि वर पुन्हा रुंद, आणि सगळा पिळा दिलेला. धुतलेली साडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी तसा. तिथले लोक त्याला लाडानं 'बारीक कंबर' म्हणतात. एका डच जोडप्यानं त्याचं डिझाइन केलं आणि २०१० च्या आशियाई खेळांच्या वर्षी तो सुरू झाला. गंमत म्हणजे त्यात वाकवलेला खांब एकही नाही. सगळे सरळ खांब, फक्त तिरके उभे केलेले. सरळ माणसं तिरकी उभी राहिली की मधे आपोआप कंबर तयार होते, हे मी लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं आहे, पण त्याला भूमिती म्हणतात हे माहीत नव्हतं. रात्र झाली की या कमरेवरून रंग फिरायला लागतात. तांबडा, जांभळा, मग हिरवा, मग सगळे एकदम. नदीपलीकडच्या उंच इमारतीही आपापल्या अंगावर काहीतरी चालवत असतात. एकीवर मासे पोहत होते. एकीवर चिनी अक्षरं धावत होती, ती काकांनी मान वळवून वळवून अशी वाचली की मला वाटलं त्यांना कळतायत.

मेहुण्याचा पहिला नियम होता, "दाजी, रात्रीचा फोटो रात्री काढायचा नाही." त्यांच्या धंद्यात त्याला 'ब्ल्यू अवर' म्हणतात. सूर्य बुडालेला असतो पण आभाळात अजून निळा रंग असतो, आणि खाली दिवे लागलेले असतात. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. त्यानंतर आभाळ काळंठिक्कर पडतं आणि इमारतींच्या कडा त्यात विरून जातात. त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, "म्हणजे दिवेलागण." तो गप्प झाला. बारा वर्षं फोटोग्राफी करूनही ही वेळ आपल्या आजीला ठाऊक होती हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मुलांनो घरात या, देवापाशी दिवा लावा, शुभंकरोति म्हणा, तीच ही वेळ. एवढंच की आजी त्या वेळेला कुणाला घराबाहेर उभं राहू देत नसे.

ग्वांगझूतही राहू दिलं नाही. तिथं माणसं सहालाच जेवायला बसतात. ज्या एजंटनं आमची व्यवस्था केली होती त्यानं बरोबर सहा वाजता आम्हाला शाकाहारी जेवण मिळेल अशा जागी नेऊन बसवलं. काकांना प्रत्येक वाटीत 'यात काय आहे' हे विचारल्याशिवाय घास उतरत नाही. धाकटा ते मोबाईलवर भाषांतर करून वेटरला विचारायचा, वेटर आतून कुणाला तरी घेऊन यायचा. सातव्या वाटीपर्यंत दिवेलागण टळली होती.

मग आम्ही लिएदे पुलावर गेलो. तिथून टॉवर झकास दिसतो. स्टँड उभा केला, कॅमेरा बसवला, मेहुण्यानं चिठ्ठीवर लिहून दिल्याप्रमाणे आकडे लावले : आयएसओ शंभर, ॲपर्चर आठ, शटर आठ सेकंद. हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. सगळं पुस्तकातल्यासारखं. फोटो बघितला तर टॉवरला दोन कडा. पुन्हा काढला, तीन कडा. कॅमेरा खराब, मेहुणा खराब, चीन खराब, अशा क्रमानं दोष देत गेलो. मग पायाखालून एक बस गेल्याचं तळव्यांना जाणवलं. पूल हलत होता. पाच किलो आठशे ग्रॅमचा स्टँड काय करणार, फाउंडेशनच हलतंय! हे मला कळायला अर्धा तास लागला, आणि मी तो माणूस आहे जो व्हीएमसी बसवताना खाली रबरी पॅड घातलं नाही म्हणून फिटरला तासभर झापतो.

तरी त्यातला बरा एक अण्णांना पाठवला. आपल्याकडे अडीच तास मागे, म्हणजे त्यांची जेवणाची वेळ. उत्तर लगेच आलं. कवटी, आणि कवटीसमोर :

'ह्याच्या वायरी कुठंयत?'

मी लिहिलं, जमिनीखाली.

'फॉल्ट आला तर?'

हे मला माहीत नव्हतं. मी नमस्काराचे हात पाठवले.

दुसऱ्या दिवशी जत्रेत असतानाच त्यांचा पुढचा प्रश्न आला. 'बिल कोण भरतं?' हा प्रश्न बजाजनगरातल्या कुणालाही पडेल. माझ्या वर्कशॉपचं बिल आलं की मी आधी डिमांड चार्ज बघतो, मग पॉवर फॅक्टर बघतो, मग पाणी पितो. दिव्यांच्या एका स्टॉलवर उभ्या असलेल्या मुलाला मी धाकट्याकरवी विचारलं, रात्री एवढ्या दिव्यांचा खर्च कोण देतं? मुलानं मान हलवली, कॅल्क्युलेटर काढला, काहीतरी आकडेमोड केली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. नगाला दोन डॉलर चाळीस सेंट, किमान पाचशे नग. तेच मी अण्णांना कळवून टाकलं. ते म्हणाले, 'महाग आहेत.'

ती सोळा ऑक्टोबरची रात्र, कोजागिरीची. चिनी लोकांची चंद्राची पौर्णिमा महिनाभर आधी होऊन गेली होती, त्यामुळे आमच्या चंद्राकडे तिथं कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही मात्र जेवणाला टांग मारून साडेपाचलाच नदीच्या उत्तर काठावर जागा धरली. पायाखाली दगडी फरशी, बस नाही, पूल नाही. सूर्य गेला, आभाळ शाईसारखं झालं, टॉवर पेटला आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला धड फोटो काढला. कडा एकच. नदीत पडलेलं प्रतिबिंब लांबलचक, रेशमी. आठ सेकंद शटर उघडं राहिलं की लाटा पुसल्या जातात आणि पाणी इस्त्री केल्यासारखं दिसतं. एक नाव मधून गेली होती, तिची फक्त पिवळी रेघ उरली. मी काहीच बोललो नाही. काकाही बोलले नाहीत, पण ते चिवडा खात होते.

थोड्या वेळानं चंद्र वर आला. त्या वर्षीचा सर्वांत मोठा. म्हटलं, टॉवर आणि कोजागिरीचा चंद्र एका फोटोत घेऊन टाकावा, बायको खूश होईल. फोटोत चंद्राच्या जागी बल्ब आला. आकडे बदलले, मोठा बल्ब आला. मेहुण्याला विचारलं तर त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला, मागे सनईचा सराव चालू होता. "दाजी, चंद्रावर आत्ता भरदुपार आहे ना! त्याच्यावर डायरेक्ट ऊन पडलंय. तुमचा टॉवर अंधारात. चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, टॉवरला आठ सेकंद लागतात. दोघांना एकत्र बसवायचं तर दोन फोटो काढून जोडावे लागतात." मी विचारलं, तू लग्नात असं करतोस का? तो म्हणाला, "नवरा-नवरीत करतो कधी कधी."

मग सगळ्यांचा मिळून एक फोटो. इथं खरी कसोटी. टॉवर नीट यायला आठ सेकंद, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसांनी पुतळा व्हायचं. मी टायमर लावला, पळत जाऊन मधे उभा राहिलो. चौथ्या सेकंदाला काकांचा फोन वाजला. काकूंचा असला की ते उभ्या उभ्या चालायला लागतात, तसे चालायला लागले. फोटोत मी आणि धाकटा नीट आलो. काका अर्धे आले. म्हणजे डोकं आहे, शर्ट आहे, पण त्यांच्या पोटातून पलीकडची इमारत दिसतेय आणि इमारतीवरचे मासे त्यांच्या बरगड्यांतून पोहतायत. मला तो फोटो फार आवडला. मी तो लगेच सगळ्यांना पाठवला, हीच चूक झाली. दहा मिनिटांत काकूंचा फोन. "अहो भाऊजी, ह्यांच्या अंगातून उजेड का येतोय? बरे आहेत ना हे? खरं सांगा." काकांना स्वतः बोलायला दिलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी व्हिडिओ कॉल करून काकांच्या पोटावर हात मारून दाखवला, आवाज आला, तेव्हा त्या झोपायला गेल्या.

पुन्हा घोटाळा नको म्हणून शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला खूण करून मोबाईल दिला. तिनं आम्हाला नीट उभं केलं, मोबाईल वर धरला आणि ओरडली, "छ्येऽत्झ!" आम्ही बघत राहिलो. ती पुन्हा ओरडली. मागे उभी असलेली चार माणसंही आमच्या मदतीला ओरडली, "छ्येऽत्झ!" धाकट्यानं भाषांतराचं ॲप पुढे केलं. पडद्यावर उमटलं : वांगं.

तिकडे फोटो काढताना 'वांगं' म्हणतात. तो शब्द उच्चारला की ओठ दोन्हीकडे ताणले जातात आणि हसू येतं. बाहेर येऊन तीन दिवस झाले होते. वांगं हा शब्द कानावर पडल्याबरोबर काकांच्या डोळ्यांसमोर भाकरी आली असणार, माझ्यासमोर तर भरलं वांगं वाटीसकट आलं, वर तेलाचा तवंग आणि कूट. त्या फोटोत आम्ही तिघं ज्या समाधानानं हसतोय ते हसू माझ्या लग्नाच्या अल्बमातही नाही. मेहुण्यानं आता बजाजनगरातल्या नवरदेवांना वांगं म्हणायला लावायला सुरुवात केलीय. मराठीत ओठ ताणले जात नाहीत, पण वऱ्हाडी हसतात.

हे चाललेलं असताना एक म्हातारे गृहस्थ माझ्या स्टँडपाशी येऊन उभे राहिले. त्या काठावर रोज संध्याकाळी स्थानिक हौशी फोटोग्राफरांची रांग लागत असावी. त्यांच्या गळ्यात माझ्या व्हीएमसीच्या हप्त्याएवढा कॅमेरा होता. त्यांनी वाकून स्टँडच्या पायावर बोटानं टकटक केलं. विंग नट सैल केला, पाय वर-खाली सरकवून बघितला, पुन्हा आवळला. बुशवर नख फिरवलं. मग त्यांनी अंगठा वर केला आणि खुणेनं विचारलं, उचलू का? उचलला, आणि 'आऽय' असा आवाज काढून लगेच खाली ठेवला. हसले. ठोकळ्याखालची अक्षरं टॉर्च मारून बघितली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "यिन्दू?" हो म्हटलं, इंदू. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी अजून कुणाला पटवून देऊ शकलेलो नाही. सहाशे मीटरच्या त्या झगमगत्या टॉवरकडे पाठ करून, गुडघ्यावर बसून, त्यांनी माझ्या स्टँडचे बारा-पंधरा फोटो काढले. पायाचा, बुशचा, नटाचा, ठोकळ्याचा खालून.

काका माझ्या कानात म्हणाले, "संपलं. पुढच्या दिवाळीला हा ऑनलाइन तीनशे नव्व्याण्णवला मिळणार."

खोलीवर येऊन कोजागिरी केली. घरून आणलेला दुधाचा मसाला होता, कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीवर गायीसारखं काहीतरी बघून दूध आणलं, किटलीत उकळलं. ते सोयाबीनचं निघालं. आम्ही मराठवाड्याची माणसं. सोयाबीनचा भाव पडला की रडतो, पण पीत कधी नाही. चंद्राला दाखवलं आणि डोळे मिटून प्यायलो.

झोप येईना तेव्हा फोटो मोजले. अकराशे त्रेचाळीस. सातव्या शतकात ह्युएनत्संग चीनमधून आपल्याकडे आला होता, महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. त्यानं आपल्याबद्दल लिहून ठेवलंय की इथले लोक साधे, उंच आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवून घेतात. (आमच्या गल्लीतलं पार्किंगचं भांडण याच पद्धतीनं चालतं.) तो परत गेला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून घेऊन गेला आणि उरलेलं आयुष्य त्यांची भाषांतरं करण्यात घालवलं. मी चार दिवसांत अकराशे त्रेचाळीस फोटो काढले होते आणि त्यांतले अकराशे एकाच टॉवरचे होते. तांबडा टॉवर, जांभळा टॉवर, हिरवा होता होता राहिलेला टॉवर. त्या काठावर माझ्या आजूबाजूला जे शंभर-दोनशे लोक उभे होते त्यांच्याकडेही हेच अकराशे फोटो असणार. अण्णांनी मात्र त्यांतल्या एकावरही बोट उमटवलं नव्हतं. 'छान' नाही, अंगठा नाही. फक्त आणखी एकदा विचारलं होतं, 'दिवसा पण चालू ठेवतात का?'

शेवटच्या रात्री मशिनचा सौदा झाला नाही म्हणून मी एकटाच स्टँड खांद्यावर टाकून काठाकाठानं चालत होतो. रात्र बरीच झाली होती. बघता बघता पलीकडच्या इमारती एकेक करून मालवल्या. मासे गेले. मग टॉवरही विझला. खांबासारखा खांब, काळा, नुसता उभा. हौशी लोकांनी स्टँड मिटले आणि दोन मिनिटांत काठ रिकामा झाला. चालू होते ते साधे रस्त्यावरचे दिवे. आपल्याकडे असतात तेच.

मेट्रोकडे वळताना गल्लीत एक ट्रक उभा दिसला. ट्रकवर बकेट, बकेटमध्ये हेल्मेट घातलेला एक माणूस, आणि तो रस्त्यावरच्या बंद दिव्याचं झाकण उघडून आत हात घालून काहीतरी करत होता. खाली दुसरा माणूस, मान वर. सभोवार केशरी शंकू मांडलेले. मी स्टँड उभा केला. दोन सेकंद शटर. वरचा माणूस हालचालीनं थोडा पुसला गेला, पण खालचा जसाच्या तसा आला, कारण तो हललाच नाही. एकच फोटो काढला आणि पाठवून दिला.

ट्रेनमध्ये बसेपर्यंत अण्णांचे पाच मेसेज आले होते.

'हातमोजे घातलेत. बरोबर.'

'पट्टा दोन ठिकाणी अडकवलाय.'

'खालचा मोबाईल बघत नाही. वर बघतो. चांगला हेल्पर आहे.'

'परमिट घेतलं होतं का विचारलंस का?'

आणि थोड्या वेळानं : 'रात्रीचं काम लागतं तिथं पण.'

घरी आलो. बायकोनं वांग्याचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. काकूंनी काकांचा पारदर्शक फोटो सर्व फोनांमधून काढून टाकायला लावला आणि शनिवारी मारुतीला तेल घातलं. मेहुण्यानं अकराशे त्रेचाळीसमधून तीन निवडले आणि म्हणाला, "दाजी, हे तीन मी काढलेत असं सांगितलं तर चालेल का?" स्टँड आता वर्कशॉपमध्ये ड्रिल मशिनच्या दिव्याखाली उभा आहे, दिवा हलत नाही.

आठवड्याभरानं आत्याचा फोन आला. ग्रुपवर अण्णांची कवटी दिसत नाही, तब्येत बरी आहे ना? मी फोन उघडून बघितलं. डीपी बदलला होता. छोट्याशा गोलात ट्रक, बकेट, आणि दिव्यात हात घातलेला हेल्मेटवाला. खाली आत्यानं विचारलं होतं, 'दादा, हा कोण?'

अण्णांनी उत्तर दिलं होतं, 'आपल्या खात्यातला आहे.'